लवासा विकले जाईल, दप्तराचे काय?

पुण्याजवळच्या मोसे खोऱ्यातल्या लवासा या खासगी शहराचा नवा मालक कोण, ही बातमी आता कंटाळा यावा इतक्या वेळा येऊन गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये ते उभारणारी कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्मची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली आणि पैसे न आल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ती मंजुरी मागेही घेतली. बंगले, जमीन, देणी यांचा हिशेब सगळे मांडतात. शहराच्या दप्तराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

हे दप्तर साध्या बिल्डरचे नाही. २००८ पासून २०१७ पर्यंत लवासाला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा होता. बांधणारे तेच, परवानगी देणारेही तेच! म्हणजे खासगी कचेरीत नगरपालिकेचे कागद तयार होत होते. पुढे ते अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) गेले. अधिकार एका आदेशाने हलतात, फायली तशा हलत नाहीत; त्यांना यादी लागते, मोजून देणारा आणि सही करून घेणारा लागतो.

सरकारी कचेरीत निदान सहा गठ्ठे पद्धत आणि कागदांची वर्गवारी आहे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘ड’ वर्षभराचा, हे साध्या लिपिकालाही ठाऊक असते. पाळले जाते का, हा भाग वेगळा. कंपनी कायद्यात हिशेबवह्या आठ वर्षे ठेवल्या की सुटका. दिवाळखोरीत कागदांचा ताबा रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे जातो, पण त्याचे काम देणी निस्तरण्याचे. इतिहास सांभाळायला त्याला कुणी नेमलेले नसते.

आठ वर्षांचा हा हिशेब मोसे खोऱ्यात तरी फारच तोकडा वाटतो. ज्या वरसगाव जलाशयाच्या काठी लवासा उभे आहे, त्याला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. ते याच खोऱ्याचे देशमुख. शिवकाळातले वतनाचे तंटे आज वाचता येतात ते कुणीतरी कागद टाकून दिले नाहीत म्हणून. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव हिंडून अशी दप्तरे गोळा करत होते. १८९८ मध्ये त्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड निघाला, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्याच पुण्यात पेशवे दप्तर सरकारी इमारतीत सुखरूप होते, पण इंग्रज सरकार भारतीय अभ्यासकांना आत सहजासहजी येऊ देत नव्हते. गोविंद सखाराम सरदेसायांनी निवडलेले पंचेचाळीस खंड छापून झाले तेव्हा १९३०चे दशक उजाडले होते. कागद जपणे आणि कागद दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला कायम जास्त विरोध होतो.

आज विरोधाची कारणे बदलली. खरेदीखतात आधार, पॅन, पत्ते असतात. ते सरसकट खुले करता येणार नाहीत, हे मान्य. पण २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अभिलेख जतनासाठी अटींसह सवलत आहे. तिचा उपयोग करून घ्यायला मात्र अभिलेखपाल हवा, आणि हे पद भरण्याची आपल्याकडे कुणालाच घाई नसते.

‘स्कॅन करून टाका’ हा सल्ला तर हमखास मिळतो. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. पेशवे दप्तराचा रुमाल सोडला की मोडीचा बंद निदान डोळ्यांना दिसतो. वाचणारा शोधावा लागतो, एवढेच. शहराचा आराखडा ऑटोकॅडमध्ये असतो. त्याला जोडलेली सर्वेक्षणाची फाइल हरवली की उघडल्यावर अर्धा नकाशा रिकामा येतो. दहा सुधारित प्रतींपैकी मंजूर कोणती, हे फाइलच्या नावावरून कळत नाही. ते सोबतच्या टिपणीत असते, आणि ती टिपणी कुणाच्या तरी जुन्या ई-मेलमध्ये. सूची न करता केलेले स्कॅनिंग म्हणजे अडगळीचा फोटो.

या दप्तरात दासवे, मुगाव, धामणओहोळ इथल्या लोकांच्या जमिनींचे व्यवहार आहेत, नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने बजावलेल्या नोटिशीनंतरचा पत्रव्यवहार आहे. उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या नातवाला फेरफाराला आव्हान द्यायचे असेल, तर त्याने कोणाचे दार ठोठावायचे?

राज्यात २००५चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. नियोजन प्राधिकरण म्हणून तयार झालेले सगळे कागद सार्वजनिक मानून पीएमआरडीए आणि पुराभिलेख संचालनालयाने त्यांची यादी आत्ताच मागवावी, आणि पुढच्या खरेदीदाराच्या योजनेत दप्तर हस्तांतराची अट घालावी. जमीन पुन्हा विकता येईल, हे कागद पुन्हा लिहिता येणार नाहीत.