एक मत कमी पडलं असतं तर

एका रिकाम्या प्लॉटवर नुसतं बसणं हा गुन्हा कसा ठरतो? जून 1946 मध्ये डर्बनला ठरला. दक्षिण आफ्रिकेतल्या स्मट्स सरकारच्या नव्या कायद्यानं तिथल्या भारतीयांनी जमीन कुठं घ्यायची, कुठं राहायचं, हे वंशावरून आखून दिलं. त्यावर 13 जूनला गेल स्ट्रीट आणि अंबिलो रोडच्या कोपऱ्यावर सत्याग्रही तंबू ठोकून बसले. पहिल्याच तुकडीत झैनब अस्वत ही डॉक्टरकी शिकणारी तरुणी! गोऱ्या टोळ्यांनी तंबू पाडले. सत्याग्रह थांबला नाही. दोन वर्षांत सुमारे 2,000 जण तुरुंगात गेले, त्यांत कितीतरी बायका.

त्या प्लॉटवरचं भांडण थेट संयुक्त राष्ट्रांत पोचलं, आणि ते मांडलं अजून स्वतंत्रही न झालेल्या भारतानं! शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, रणजित सीताराम पंडित यांच्या पत्नी, कोकणातल्या मराठी घराण्याची सून. समोर खुद्द जनरल स्मट्स. त्यांचं म्हणणं एकच: हा आमचा घरचा मामला आहे. गंमत बघा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना, मूलभूत मानवी हक्कांची ग्वाही देणारी, तिचा पहिला मसुदा याच स्मट्सनी लिहिला होता! त्याच सनदेचा आधार घेऊन बाई बोलत होत्या.

आपल्या घरी काय होतं? त्याच हिवाळ्यात सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाची सेटलमेंट उभी होती. गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तिथं राहणाऱ्यांना हजेरी चुकत नसे. देशभर तो कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. सोलापुरात बसून डर्बनची गोष्ट वाचताना ही तार टोचायलाच हवी.

आता पुन्हा संयुक्त राष्ट्रांत, 8 डिसेंबर 1946 चं मतदान. भारतानं मांडलेल्या प्रश्नावरच्या ठरावाला दोन तृतीयांश मतं हवी होती. बाजूनं 32, विरुद्ध 15, तटस्थ 7. तटस्थ मोजायचे नसतात. म्हणजे 47 पैकी किमान 32 हवीत. बरोब्बर तेवढीच पडली! एक जरी मत इकडचं तिकडं झालं असतं, तर?

ठराव झाल्यावर बाई स्मट्सकडे गेल्या. गांधीजींनी बजावलं होतं, कटुता ठेवायची नाही. म्हणून बोलण्यात कुठं वैयक्तिक बोच लागली असेल तर त्यांनी माफी मागितली. स्मट्स म्हणाले, हा विजय पोकळ आहे, आता मी पुढची निवडणूक हरणार. 1948 मध्ये ते खरंच हरले, आणि जे सत्तेवर आले त्यांनी वर्णभेदाचंच राज्य उभं केलं. संयुक्त राष्ट्रांत मात्र तो विषय पुन्हा पुन्हा निघत राहिला.