पहिली धार फेकली म्हणून विष जात नाही

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या डोंगरात भट्टी लावली की दारू साफ निघते, असं एक नवं 'शास्त्र' सध्या कानावर पडतंय. उंचावर सगळं लवकर उकळतं, मिथेनॉल आधी उडतं, पहिली वाटी फेकली की उरलेली निर्धोक! वडीलधारी मंडळी पहिल्या धारेसाठी हट्ट धरायची. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेली पोरं तीच धार ओतून देतात. दोघांनाही वाटतं की आपल्याला गुपित कळलंय.

उंचीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी ९८.७ अंशांच्या आसपास उकळतं. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर ९४-९५ अंशांना. पण हवेचा दाब कमी झाला की पाणी, इथेनॉल आणि मिथेनॉल या तिघांचेही उत्कलनांक बरोबरीने खाली येतात. डोंगर एकट्या मिथेनॉलला हाकलत नाही.

खरा घोळ पुढे आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, हे आकडे पुस्तकात आहेत आणि बरोबरही आहेत. पण ते शुद्ध द्रवांचे. भट्टीवरच्या पिंपात शुद्ध काहीच नसतं, असतं ते गुळाचं रसायन, बहुतांश पाणीच. १० टक्के अल्कोहोल असलेलं असं मिश्रण ९२-९३ अंशांच्या आसपास उकळायला लागतं. ६४.७ अंशांवर थांबून मिथेनॉल वेगळं काढायची संधी त्या पिंपात येतच नाही. पहिल्या थेंबापासून शेवटच्यापर्यंत वाफेत सगळंच असतं, कमी-जास्त प्रमाणात. त्यात मिथेनॉल पाण्याला घट्ट धरून राहतं, त्यामुळे त्याचा बराचसा भाग मधल्या आणि शेवटच्या धारेतही येतो. शाळेत 'ऊर्ध्वपातन' शिकवताना आपण तीन द्रव तीन पायऱ्यांवर उभे करतो आणि पुढे जातो. त्याचं हे फळ.

पटत नसेल तर युरोपीय संघाचा २०१९ चा मद्यांविषयीचा नियम पाहा. फळांपासून काढलेल्या मद्यात दर १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे साधारण १,००० ग्रॅमपर्यंत मिथेनॉल चालतं, व्होडकात फक्त १० ग्रॅम. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणारे तिथले कारागीरही पहिली धार बाजूला काढतात. तेवढ्याने मिथेनॉल गेलं असतं तर फळांना ही सवलत कशाला लागली असती? फळांतल्या पेक्टिनपासून ते तयार होतं आणि दारूत उतरतंच. गुळात पेक्टिन जवळपास नसतं, म्हणून गुळाच्या रसायनात मिथेनॉल मुळातच अगदी थोडं. पहिल्या धारेत उग्र वासाचे पदार्थ जास्त असतात. ती काढली की वास सुधारतो, एवढंच.

मग माणसं मरतात कशाने? जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं गेली. जून २०२४ मध्ये तामिळनाडूत कल्लाकुरिचीला साठाहून अधिक. दोन्हीकडे कारण मिथेनॉल. एवढं मिथेनॉल गुळाच्या भट्टीत बनत नाही, ते कारखान्यात वापरायचं रसायन असतं, स्वस्तात नशा वाढवायला दारूत ओतलेलं. तिथे कुठली धार आणि कुठली वाटी! विष पिंपात शिजलेलंच नसतं, ते शेवटी मिसळलेलं असतं. पहिली धार फेकणाऱ्याचं सगळं लक्ष चुकीच्या जागी आहे.

बाकीचे समज पटकन. काडी लावून निळी ज्योत दिसली की अस्सल? मिथेनॉलही निळसरच जळतं, उजेडात तर दिसतही नाही. नवसागराने दारू कडक होते? तो अमोनियम क्लोराइड आहे. यीस्टला नायट्रोजन देईल, नशा नाही. वास आणि चवीवरून कळतं? इथेनॉल-मिथेनॉलचा फरक जिभेला कळत नाही, प्रयोगशाळेत कळतो. गोव्यात फेणी चालते मग इथे का नाही? तिथेही परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने विनापरवाना गाळणं गुन्हाच आहे, 'घरापुरती' असली तरी.

एका समजात मात्र अर्धं सत्य आहे, म्हणून तो सगळ्यांत घातक: विषारी दारूवर चांगली दारू पाजली की उतरतं. मिथेनॉलचं यकृतात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाव घालतं. इथेनॉल ही क्रिया रोखतं, म्हणून दवाखान्यात ते मोजून, रक्ततपासणी करत देतात, किंवा फोमेपिझोल देतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. घरी ग्लासाने पाजलं तर माणूस नशेत पडून राहतो आणि लक्षणं झाकली जातात. ही लक्षणं बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी दिसतात: पोटदुखी, उलट्या, धाप, धुक्यातून पाहिल्यासारखं अंधुक. तोवर घरच्यांना वाटतं, रात्रीची उतरली नाही अजून. अशा वेळी थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं आणि काय प्यायलं, किती वाजता प्यायलं ते पोलिसांच्या भीतीने न लपवता डॉक्टरांना सांगायचं. सोबत प्यायलेल्या बाकीच्यांनाही घेऊन जायचं, त्यांना अजून काही होत नसलं तरी.