थंडी मोजणाऱ्या कळ्या

इंग्लंडमधील वेकफील्ड, मोर्ली आणि रॉथवेल या गावांच्या टापूत ऐन हिवाळ्यात मेणबत्तीच्या उजेडात एका पिकाची काढणी चालते. हे पीक म्हणजे रुबार्ब, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या रेवाचिनीचे भावंड. दोन वर्षे शेतात वाढलेले त्याचे गड्डे थंडीचा कडाका सोसू देऊन मगच उपटतात आणि ऊबदार, मिट्ट काळोख्या शेडमध्ये मांडतात. उजेड नसल्याने पाने हिरवी होत नाहीत. गड्ड्यात साठलेल्या अन्नावर कोवळे गुलाबी देठ भराभर उंचावतात. कोंब फुटताना होणारा ‘टप्’ असा आवाज शेडमध्ये उभ्या माणसाला ऐकू येतो. या रुबार्बला २०१० साली युरोपात भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले.

असे गड्डे आणून बेळगावच्या परसात लावले तर? काळोख करता येईल, ऊब तर फुकटचीच आहे. अडेल ते थंडीपाशी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असले, आणि ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून मिरवत असले, तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १४ अंशांच्या आसपास थांबतो. निपाणी आणखी सखल, तिथला उन्हाळाही कडक.

शीत प्रदेशातील झाडे हिवाळा अक्षरशः मोजतात. पानगळीनंतर त्यांच्या कळ्या झोपी जातात आणि ठरावीक तास थंडी जमा झाल्याशिवाय उठत नाहीत. ही सावधगिरी आहे. भर हिवाळ्यात चार दिवस ऊन पडले म्हणून कळी फुलली, तर पुढच्या हिमाने ती करपून जाईल. रुबार्बसारखीच गत रास्पबेरीची: युरोपातील लाल रास्पबेरीच्या बहुतेक जातींना ७ अंशांखालील असे ८०० ते १६०० तास लागतात. ८०० तास म्हणजे एकूण तेहतीस दिवस आणि तेहतीस रात्री. आपल्याकडे तो हिशेब कधीच पुरा होत नाही. झाड तग धरते, पण फळाला येत नाही.

मात्र रुबार्ब आणि रास्पबेरी या दोन्ही घराण्यांची एकेक शाखा उष्ण मुलखात नांदते, आणि बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातील बागायतदाराने तिकडेच वळावे हे उत्तम.

पहिली शाखा मैसूर रास्पबेरीची. शास्त्रीय नाव रुबस निविअस. सह्याद्रीपासून हिमालयापर्यंत आणि पुढे चीन, आग्नेय आशियापर्यंत ही काटेरी झुडपे रानात वाढतात. फ्लोरिडासारख्या उष्ण भागात ती हौसेने लावली जातात. कोवळ्या फांद्यांवर पांढरट लव असते, पानांची खालची बाजूही पांढरी. फळ आधी लाल, मग जांभळट काळे होते. एक फळ बोटांत धरून नीट पाहावे: ते एक नसून डझनावारी फळांचा गुच्छ असतो. एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसरांपासून हे दाणे बनतात, प्रत्येकात स्वतंत्र बी, आणि बारीक केसांच्या गुंतवळ्याने ते एकमेकांना धरून राहतात. पिकलेले फळ हलकेच ओढले की मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो व हाती पोकळ टोपी येते. हे फळ इतके नाजूक असते की दूरच्या बाजारात ते धडपणे पोचत नाही. म्हणून ते घरच्या कुंपणाशी असणेच फायद्याचे.

खानापूर, जांबोटीकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत हे झाड चांगले रुजावे. निपाणीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. तिथे उंच गादीवाफा करावा किंवा मोठ्या कुंडीत तांबडी माती भरावी. लागवड जूनच्या पहिल्या पावसात करावी, जागा सकाळच्या उन्हाची आणि दुपारच्या सावलीची निवडावी. लांब कमानदार फांद्यांना तारेचा आधार द्यावा. फळून गेलेली फांदी बुडापासून छाटावी, म्हणजे नव्या फुटव्यांना जागा होते. फांदीचे टोक मातीला टेकले की तिथेच मूळ धरते, त्यामुळे नवे रोप सहज मिळते. सहज पसरण्याचा हा स्वभाव गालापागोस बेटांवर घातक ठरला: बाहेरून आणलेल्या या झुडपाने तिथली रानेच्या राने व्यापली. तेव्हा छाटणी चुकवू नये.

दुसरी शाखा प्रत्येक भाजीबाजारात जुडी बांधून बसलेली असते: आंबट चुका. चुका आणि रुबार्ब एकाच वनस्पतिकुळातले, आणि दोघांच्या आंबटपणात ऑक्झॅलिक आम्लाचाही वाटा. या कुळाचा सर्वांत नवलाचा सदस्य सिक्कीमच्या हिमालयात चार हजार मीटरच्या वर उभा असतो. अर्धपारदर्शक, फिकट पिवळ्या पानांचा माणूसभर उंच मनोराच तो. पाने ऊब आत राखतात, घातक अतिनील किरणे अडवतात आणि आतली फुले सुरक्षित राहतात. जोसेफ हूकर यांनी १८५५ साली या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्थानिक लोक त्याचा आंबट दांडा ‘चुका’ म्हणून खातात, अशी नोंद केली.

चुक्याला थंडीचे तास लागत नाहीत. ऑक्टोबरात वाफ्यात बी फोकून हलके पाणी दिले की महिन्या-सव्वा महिन्यात पाने खुडायला येतात. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, गुळाचा खडा आणि लसणाची फोडणी एवढ्यावर भाजी होते. फक्त ती बिनकल्हईच्या पितळी भांड्यात शिजवू नये, कळकते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावी, कारण ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमशी जुळून खडे बनवते.

हौस म्हणून खरा रुबार्ब लावायचाच असेल, तर त्याला हंगामी पीक मानून पावसाळा ओसरताना बियांपासून रोप करावे आणि उन्हाळ्याआधी देठ काढून मोकळे व्हावे. त्याचे पान मात्र चुक्यासारखे कधीही खाऊ नये, ते विषारी असते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये टंचाईमुळे ही पाने खाण्याचा सल्ला दिला गेला आणि लोकांना विषबाधा झाली. चुका पेरल्या हंगामातच ताटात येतो. रास्पबेरीला मात्र दुसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहण्याची तयारी ठेवावी.