आल्प्सच्या बर्फातून प्रवास

(स्की हा बर्फावरून घसरण्याचा खेळ आहे. हा खेळ खेळण्यासाठी दर हिवाळ्यात लाखो लोक युरोपातील आल्प्स पर्वतात जातात. काही जण एकाच गावी मुक्काम करतात, तर काही जण मोटारीने गावोगाव फिरतात. अशा प्रवासाची आखणी कशी करतात, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुम्ही पावसाळ्यात घाटातून प्रवास केला असेल. दाट धुके पडते. समोरचे वळण दिसत नाही. कधी दरड कोसळते आणि वाहने तासन्‌तास अडकून पडतात. घाटाचा रस्ता नकाशात बोटभर दिसतो. पण तो पार करायला किती वेळ लागेल, हे शेवटी पाऊसच ठरवतो. आता पावसाच्या जागी बर्फ आणि सह्याद्रीच्या जागी आल्प्स आहे, अशी कल्पना करा. म्हणजे हिवाळ्यात आल्प्समधून मोटार नेणे किती जबाबदारीचे काम आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

आल्प्स पर्वताची रांग सुमारे १२०० किलोमीटर लांब आहे. फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया अशा आठ देशांत ती पसरली आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर आहे. स्वित्झर्लंडमधील झेरमाट हे गाव जवळजवळ तेवढ्याच उंचीवर वसलेले आहे आणि त्याच्याभोवती ४००० मीटरहून उंच शिखरे उभी आहेत!

स्की म्हणजे दोन लांब, अरुंद पट्ट्या. विशेष प्रकारच्या बुटांना त्या अडकवतात. हातात दोन काठ्या असतात. डोंगरावर जाण्यासाठी दोरावर चालणारे पाळणे असतात. त्यांतून वर जायचे आणि उतारावरून घसरत खाली यायचे, असा हा खेळ. उतारांना रंगांची नावे असतात. निळा उतार सोपा, तांबडा मध्यम आणि काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्यापेक्षाही सोपा असा हिरवा उतार असतो.

समजा, आपल्याकडे चौदा दिवस आहेत. जर्मनीतील म्युनिक शहरातून भाड्याची मोटार घेऊन निघायचे आहे. किती गावांना जावे? नकाशा पाहिला की सात-आठ गावांची नावे लिहून काढण्याचा मोह होतो. पण प्रत्येक वेळी मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधायचे, मोटारीवरचा बर्फ खरवडायचा, गाडी भरायची, घाट ओलांडायचा आणि नवे घर शोधायचे. त्यात दिवस संपतो. सात गावे ठरवली, तर निम्मे दिवस रस्त्यावरच जातील. म्हणून जाणकार लोक चौदा दिवसांत चारच गावे घेतात.

गावे निवडताना उंची पाहावी लागते. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे आल्प्समधील बर्फ कमी होत चालला आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचा सुमारे दहा टक्के बर्फ वितळला. कमी उंचीच्या गावांत आता अनेकदा यंत्रांनी बर्फ तयार करून उतारावर पसरावा लागतो. म्हणून ज्या गावांतून उंच उतारांवर जाता येते, ती गावे निवडणे चांगले.

आपण ही चार गावे घेऊ. पहिले ऑस्ट्रियातील सेंट अँटन. हे आर्लबर्ग भागात आहे. येथे १९०१ साली स्की खेळणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. हान्नेस श्नायडर यांनी याच गावात स्की शिकवण्याची नवी पद्धत घडवली. दुसरे स्वित्झर्लंडमधील दावोस. येथे बर्फाचा अभ्यास करणारी प्रसिद्ध संस्था आहे. तिसरे झेरमाट. ४४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न शिखर येथून दिसते. चौथे फ्रान्समधील शामोनी. हे माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याशी आहे. १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने येथेच झाले.

आता अंतराचा विचार करू. सेंट अँटन आणि दावोस यांच्यामध्ये सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे. पण पक्षी उडतो तशी मोटार जात नाही. मध्ये डोंगरांची भिंत आहे. मोटारीला आधी पश्चिमेकडे जाऊन सुमारे १४ किलोमीटर लांबीचा आर्लबर्ग बोगदा पार करावा लागतो. मग ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात उतरून, पुन्हा दुसऱ्या खोऱ्यातून वर चढत दावोस गाठावे लागते. असा वळसा घातल्यावर अंतर अडीच पटींहून जास्त होते. म्हणून पर्वतातला प्रवास किलोमीटरमध्ये मोजायचा नसतो. तो तासांत मोजायचा असतो. आणि नकाशाने तीन तास सांगितले, तर आपण पाच तास धरायचे.

दावोसहून झेरमाटला जाताना आणखी एक अडचण येते. उन्हाळ्यात ओबरआल्प आणि फुर्का या दोन खिंडींतून मोटारी जातात. फुर्का खिंड २४२९ मीटर उंच आहे. हिवाळ्यात या दोन्ही रस्त्यांवर खूप बर्फ साचतो आणि ते मोटारींसाठी बंद होतात. मग काय करायचे? तेथे मोटारच आगगाडीत चढवतात! फुर्का खिंडीच्या खालून १५ किलोमीटरहून अधिक लांबीचा रेल्वे बोगदा आहे. तो १९८२ साली सुरू झाला. रेआल्प येथे मोटार आगगाडीच्या डब्यावर चढवायची, आत बसून राहायचे आणि बोगद्यापलीकडे ओबरवाल्ड येथे उतरायचे. ओबरआल्प खिंडीतूनही मोटारी वाहून नेणारी आगगाडी चालू आहे का, हे आधी पाहावे लागते.  

झेरमाट गावात पेट्रोल-डिझेलच्या खाजगी मोटारींना प्रवेश नाही. मोटार खाली टेश या गावी ठेवायची आणि आगगाडीने वर जायचे. ही गोष्ट आधी माहीत नसली, तर रात्री बर्फात सामान उचलून धावपळ करावी लागते.

कोणत्या वारी निघायचे, यालाही महत्त्व आहे. आल्प्समधील पुष्कळ घरे शनिवार ते शनिवार अशी आठवड्याने भाड्याने देतात. त्यामुळे शनिवारी हजारो कुटुंबे एकाच वेळी घर सोडतात आणि हजारो कुटुंबे नव्या घराकडे निघतात. फेब्रुवारीत शाळांना सुट्ट्या असतात. त्या वेळी शनिवारच्या रांगा फारच लांब होतात. म्हणून मुक्काम हलवायचा तो मंगळवारी किंवा बुधवारी. शिवाय हिवाळ्यात दिवस लहान असतो. सकाळी लवकर निघून अंधारापूर्वी पोहोचावे.

मोटारीची तयारी काळजीपूर्वक करावी लागते. हिवाळ्यासाठी वेगळे टायर मिळतात. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते आणि रस्त्याला चांगले धरून ठेवते. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल, तर असे टायर हवेतच, असा कायदा आहे. मोटारीत चाकांना बांधायच्या साखळ्याही ठेवतात. निळ्या गोल पाटीवर साखळी बांधलेल्या चाकाचे चित्र दिसले, की साखळ्या बांधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या कशा बांधायच्या, हे घरीच शिकून घ्यावे. वादळात, गारठलेल्या बोटांनी ते पहिल्यांदा शिकणे कठीण आहे. याशिवाय फावडे, ब्लँकेट, विजेरी, पाणी आणि खाऊ जवळ असावा. बर्फात मोटार अडकली, तर धूर बाहेर टाकणारी मागची नळी मोकळी आहे ना, हे पाहिल्याशिवाय इंजिन चालू ठेवू नये. ती नळी बर्फाने बुजली, तर विषारी वायू आत शिरतो आणि माणसाचा जीव जाऊ शकतो.

खर्चाचाही हिशेब मांडावा लागतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी आधी कर भरावा लागतो. आर्लबर्ग बोगद्याचा कर वेगळा असतो. एका देशात भाड्याने घेतलेली मोटार दुसऱ्या देशात सोडली, तर जादा पैसे पडतात. डोंगरात अपघात झाल्यास हेलिकॉप्टरने सोडवून आणण्याचा खर्च फार मोठा असतो. त्यासाठी विमा उतरवतात. युरोपात कोठेही संकट आले, तर ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.

इतकी तयारी केली, तरी एक गोष्ट आपल्या हातात नसते. ती म्हणजे हिमस्खलन. डोंगराच्या उतारावर बर्फाचे थर एकावर एक साचतात. एखादा थर कच्चा असतो. त्यावर नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने बर्फ आणून टाकला, की ओझे वाढते. तीस अंशांहून तीव्र उतारावर असा थर अचानक सुटतो आणि प्रचंड वेगाने खाली येतो.

सेंट अँटनच्या दक्षिणेकडील खोऱ्यात गाल्ट्यूर नावाचे गाव आहे. १९९९ सालच्या फेब्रुवारीत तेथे सारखा बर्फ पडत होता. हिमस्खलनाच्या भीतीने गावाचा रस्ता बंद केला होता. पाहुणे आणि गावकरी गावातच अडकले होते. २३ फेब्रुवारीला दुपारी डोंगरावरून बर्फाचा लोंढा आला आणि जी घरे सुरक्षित मानली जात होती, त्यांच्यापर्यंत पोहोचला. ३१ माणसे मरण पावली. दुसऱ्या दिवशी जवळच्या वाल्त्सूर वस्तीवर हिमस्खलन होऊन आणखी सात जण गेले. हवामान सुधारल्यावर हेलिकॉप्टरांनी हजारो लोकांना बाहेर काढले. नंतर गावाच्या रक्षणासाठी भक्कम भिंत बांधण्यात आली.

अशा संकटाचा इशारा देण्यासाठी युरोपातील देशांनी १९९३ साली एकच मोजमाप स्वीकारले. त्यात एक ते पाच अशा पातळ्या आहेत. एक म्हणजे धोका कमी, पाच म्हणजे धोका अत्यंत मोठा. दावोसची संस्था हिवाळ्यात रोज हा इशारा प्रसिद्ध करते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चार किंवा पाच पातळी असेल, तर लोक आपोआपच घाबरतात आणि घरी थांबतात. पण तीन ही संख्या पाचांमधली मधली वाटते. 'फार नाही, थोडाच धोका आहे,' असे वाटून लोक राखलेले उतार सोडून मोकळ्या डोंगरावर जातात. हिमस्खलनात मरण पावणाऱ्यांपैकी बरेच जण अशा तीन पातळीच्या दिवशीच गेलेले असतात. परीक्षेत पाचांपैकी तीन गुण ठीक असतील. डोंगरात मात्र तीनचा अर्थ 'सावध राहा' असा आहे.

म्हणून चौदा दिवसांच्या आखणीत दोन दिवस मोकळे ठेवतात. एक दावोसला आणि एक शामोनीला. हवा चांगली असली, तर त्या दिवशी आणखी खेळता येते. हवा बिघडली, तर त्या दिवशी थांबता येते. मोकळा दिवस नसला, की माणूस घाई करतो. 'आज पोहोचलेच पाहिजे, खोलीचे पैसे भरले आहेत,' असे म्हणून तो वादळात मोटार काढतो. खोलीचे पैसे बुडाले, तर पुन्हा मिळवता येतात. म्हणून रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज, हिमस्खलनाचा इशारा आणि रस्त्यांची बातमी पाहायची आणि मगच उद्याचे ठरवायचे. तेराव्या दिवसापर्यंत सर्व ठीक झाले, तर चौदाव्या दिवशी शामोनीहून जिनिव्हाला उतरायचे, मोटार परत करायची आणि विमानाने घरी यायचे.

आणि एखादे गाव राहून गेले तर? राहू द्यावे. चारपैकी तीनच गावे पाहून सर्व जण सुखरूप घरी परतले, तर ती आखणी चांगलीच म्हणायची. पर्वत आपल्या जागेवरच असतो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाता येते.

शब्दार्थ

आखणी – आधीपासून केलेली योजना.
खिंड – दोन डोंगरांमधील वाट, दर्रा.
बोगदा – डोंगर पोखरून केलेला रस्ता, सुरंग.
खोरे – डोंगरांमधील नदीचा प्रदेश, वादी.
हिमस्खलन – डोंगरावरून बर्फाचा थर कोसळणे.
वळसा – लांबचा फेरा.
सुखरूप – काहीही इजा न होता, सहीसलामत.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आल्प्स पर्वत किती देशांत पसरला आहे?
(आ) पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने कोठे झाले?
(इ) झेरमाटला जाणारे लोक मोटार कोठे ठेवतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) जाणकार लोक चौदा दिवसांत चारच गावे घेतात.
(आ) पर्वतातला प्रवास तासांत मोजतात.
(इ) तीन पातळीच्या दिवशीही सावध राहावे लागते.

प्र. ३. नकाशा, अंदाज, सामान हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून वाक्यांत वापरा.

प्र. ४. तुमच्या कुटुंबाला पावसाळ्यात घाटातून प्रवास करायचा आहे. त्याची आखणी आठ-दहा ओळींत लिहा. मोकळा वेळ कोठे ठेवाल आणि का, तेही सांगा.