छोटा कीबोर्ड आणि मराठीतला 'ड'

आजचा विषय आहे छोटे मेकॅनिकल कीबोर्ड आणि त्यांच्यावरच्या कळांची मांडणी. समोर इंजिनिअरिंगची मुलं दिसतायत, डीटीपी करणारी मंडळी आहेत, आणि निवृत्तीनंतर निवांत लिहायला बसलेले काही ज्येष्ठही आहेत. तिघांच्याही कामाचा हा विषय आहे, कारण प्रश्न एकच आहे. कीबोर्ड लहान करायचा तर काही कळा काढाव्या लागतात. मग 'या कळा नसल्या तरी चालेल' हे ठरवलं कोणी, आणि कुठल्या भाषेच्या हिशोबाने?

टक्क्यांची भाषा

आधी शब्द समजून घेऊ. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. साध्या कीबोर्डात बहुधा सगळ्या कळांखाली मिळून रबराचा एकच पडदा असतो. मेकॅनिकलची कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण २ मिलिमीटरच्या आसपासच अक्षर उमटतं. तळापर्यंत दाबायची गरज नसते, म्हणून सरावलेली बोटं कमी थकतात. ही काही परदेशी चैन नाही. बँकेच्या किंवा तिकिटाच्या खिडकीमागून येणारा तो टकटक आवाज आठवा. टीव्हीएस गोल्ड हा आपल्याकडच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं चाललेला कीबोर्ड मेकॅनिकलच आहे.

आता आकार. पूर्ण कीबोर्डावर १०४ कळा. उजवीकडचा आकड्यांचा संच काढला की ८७ उरतात, त्याला टेनकीलेस म्हणतात. तेच सगळं दाटीवाटीने बसवलं की '७५ टक्के', साधारण ८४ कळा. वरची एफ-कळांची ओळ काढली पण बाण ठेवले, तर '६५ टक्के', ६७-६८ कळा. बाणही काढले की '६० टक्के', ६१ कळा. आणि आकड्यांची ओळसुद्धा काढून टाकली की '४० टक्के', पंचेचाळीस-सत्तेचाळीस कळा.

एवढं कापून मिळतं काय? शेजारच्या दोन कळांच्या मध्यांत १९.०५ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे पाऊण इंच. पूर्ण कीबोर्ड साडेबावीस कळांइतका रुंद, ६० टक्केवाला पंधरा कळांइतका. फरक साडेसात कळांचा, म्हणजे जवळजवळ १४३ मिलिमीटर. माउस तेवढा जवळ येतो. दिवसभर उजवा हात लांब धरून काम करणाऱ्याचा खांदा हा फरक ओळखतो. शिवाय टेबलावर वही मावते आणि कीबोर्ड पाठीवरच्या बॅगेत जातो. हा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही.

काढलेल्या कळा नाहीशाही होत नाहीत. पेठेतला वाडा पाडून त्याच जागी चार मजले चढवतात ना, तसं इथे करतात. एफएन नावाची कळ दाबून धरली की बाकीच्या कळांचा 'वरचा मजला' चालू होतो. तेव्हा खरा व्यवहार असा आहे: जागा वाचते, आणि त्या बदल्यात काही चिन्हांसाठी जिना चढावा लागतो. ज्याला दिवसातून दोनदाच वर जायचं आहे त्याला जिन्याचं काय वाटणार? पण स्वयंपाकघरच वर असेल तर?

कीबोर्डाला अक्षर कळत नाही

इथे एक तांत्रिक गोष्ट. कीबोर्ड संगणकाला 'क' किंवा 'के' पाठवत नाही. तो फक्त 'अमुक जागेची कळ दाबली' एवढंच सांगतो. त्या जागेचा अर्थ लावते ऑपरेटिंग सिस्टीम. इंग्रजी चालू असेल तर एक अक्षर, मराठी चालू असेल तर दुसरं.

मराठीसाठी त्या जागांचा अधिकृत नकाशा म्हणजे इन्स्क्रिप्ट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो मानक म्हणून आणला, १९८८ मध्ये सुधारला, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात तो आला. आपल्या गावाचा याच्याशी जवळचा संबंध आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, आणि आयआयटी कानपूरला सुरू झालेलं 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान पुढे इथेच वाढलं. आज विंडोज, मॅक, लिनक्स, कुठेही मराठी चालू केलं की इन्स्क्रिप्ट आयता मिळतो.

त्याची रचना सुंदर आहे. वरच्या दोन ओळींत डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. साधी कळ म्हणजे काना-मात्रेची खूण, शिफ्ट धरला की सुटा स्वर. साधी कळ 'क', शिफ्ट धरला की 'ख'. मराठीत व्यंजन आणि स्वर आलटून पालटून येतात, म्हणून हातही आलटून पालटून चालतात.

आता हिशोब करू. मराठीला व्यंजनं ३४. ऑ आणि ॲ धरून स्वर १३. 'अ' सोडून त्यांच्या खुणा १२. शिवाय पाय मोडण्याची खूण, अनुस्वार, विसर्ग आणि चंद्रबिंदू अशी ४ चिन्हं. बेरीज झाली ६३. इंग्रजी अक्षरांच्या कळा २६, शिफ्ट धरून जागा ५२. म्हणजे ११ चिन्हं उरतातच! ती कुठे बसवायची? इंग्रजीत जिथे कंस, बरोबर, तिरकी रेघ, अर्धविराम अशी चिन्हं आहेत तिथे. इन्स्क्रिप्टने तेच केलं, आणि त्याला दुसरा मार्ग नव्हता.

कात्री कुठे लागते

आता ४० टक्केवाला कीबोर्ड बघा. त्यावर आकड्यांची ओळ नाही. 'पी'च्या उजवीकडच्या चौकटी कंसाच्या दोन कळा नाहीत. उलटी तिरकी रेघ नाही. बरोबरचं चिन्ह नाही, वजाचं नाही. इंग्रजी पत्र लिहिणाऱ्याला चौकटी कंस महिन्यातून एकदा लागत असेल, तेव्हा त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलं नाही.

मराठीत त्या पहिल्या चौकटी कंसाच्या जागी कोण बसलंय? ड! आणि शिफ्ट धरला की ढ. आता पुण्याचा पत्ता लिहून बघा. कोथरूड, हडपसर, येरवडा, खडकी, घोरपडी, बिबवेवाडी, डेक्कन. झालंच तर मुंढवा, कोंढवा. शनिवारवाडा घ्या, सिंहगड घ्या. प्रत्येक ठिकाणी जिना चढायचा. 'ढ'साठी तर एफएन, शिफ्ट आणि कळ, अशी तीन बोटं एका वेळी. गणपतीत मंडळाची पत्रिका टाइप करणाऱ्याने 'ढोल' किती वेळा लिहायचा?

पुढे चला. बरोबरच्या चिन्हाच्या जागी 'ृ' आहे. कृपया, गृह, वृत्त, मृत्यू, पृथ्वी. उलट्या तिरक्या रेघेच्या जागी 'ॉ' आहे. डॉक्टर, कॉलेज, हॉटेल, आणि शिफ्ट धरून ऑफिस, ऑगस्ट. वजाच्या कळेवर शिफ्ट धरून विसर्ग. दुःख, स्वतः. आकड्यांच्या ओळीत शिफ्टखाली क्ष, ज्ञ, त्र, श्र आणि बॅटवरचा अर्धचंद्र. म्हणजे इंग्रजीची अडगळ काढली म्हणता म्हणता मराठीची बैठकीची खोली गेली.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं: कुठली कळ जादा, हे कीबोर्ड ठरवत नाही, भाषा ठरवते. आणि बाजारातले छोटे कीबोर्ड इंग्रजीच्या मापाने बेतलेले आहेत.

मग ६० टक्के चालेल का?

अक्षरांपुरतं बोलायचं तर, हो. नेहमीच्या ६१ कळांच्या मांडणीत आकड्यांची ओळ, कंस, बरोबर, तिरक्या रेघा सगळं जागेवर असतं. कोपऱ्यातल्या एका कळेच्या जागी बहुधा एस्केप येते. त्या जागी इन्स्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व 'ऒ' असतो. तो द्राविडी भाषांतले शब्द देवनागरीत लिहायला लागतो, मराठीला लागत नाही. तेव्हा तिथे आपलं नुकसान शून्य.

पण तीन ठिकाणी सावध राहा.

एक, बाण आणि डिलीट. मराठीत खोडाखोड इंग्रजीसारखी होत नाही. 'स्त्री' हा शब्द पडद्यावर एक अक्षर दिसतो, पण आत सहा चिन्हं असतात: स, पायमोड, त, पायमोड, र, वेलांटी. बऱ्याच प्रोग्रॅमांत बाण अख्खं जोडाक्षर ओलांडतो, डिलीट ते अख्खं उडवतं, आणि बॅकस्पेस मात्र शेवटचं एकच चिन्ह खोडतं. वेलांटी चुकली तर बाणाने बरोबर त्या अक्षराच्या मागे जायचं आणि बॅकस्पेस मारायचं. शुद्धलेखनाची काळजी असणाऱ्याला हे दिवसातून शंभर वेळा करावं लागतं. ६० टक्केवाल्यावर बाण वरच्या मजल्यावर असतात. म्हणून मराठी लिहिणाऱ्याला मी ६५ टक्के सुचवतो. एकच कळ रुंदी वाढते, पण बाण हाताशी राहतात.

दोन, तिरकी रेघ. काही उत्पादक ६० टक्क्यांच्या चौकटीत बाण कोंबतात. त्यासाठी उजवा शिफ्ट आखूड करतात, आणि त्याच्या डावीकडची तिरक्या रेघेची कळ कुठेतरी सरकवतात. तिथे इन्स्क्रिप्टचा 'य' आहे. यांच्या, त्याच्या, तिच्या, आमच्या. 'य' हलला की मराठीच्या प्रत्येक ओळीत बोट अडखळणार. फोटो बघून घेताना पहिल्यांदा तो कोपरा बघा.

तीन, उजवं ऑल्ट. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं. विंडोजवरच्या भारतीय मांडण्यांत ते उजवं ऑल्ट आणि ४ दाबून येतं. काही छोट्या कीबोर्डांवर उजव्या ऑल्टच्या जागी एफएन बसवलेली असते. पावत्या करणाऱ्याला हे नंतर लक्षात आलं तर उपयोग नाही.

एक प्रसिद्ध उदाहरणही सांगतो. जपानी प्राध्यापक एइइती वादा यांच्या कल्पनेतून १९९६ मध्ये 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' आला, साठ कळांचा. छोट्या कीबोर्डांचा तो मूळपुरुषच म्हणा. त्यात उलटी तिरकी रेघ वरच्या ओळीच्या उजव्या टोकाजवळ नेली आणि तिच्या जागी खोडायची कळ आणली. युनिक्सवर काम करणाऱ्यांसाठी ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. आपण मात्र 'डॉक्टर' लिहायला गेलो तर 'ड' पुसला जाईल.

सगळ्यांचं मराठी टायपिंग एक नाही

जे रोमन अक्षरांतून मराठी लिहितात, त्यांचं बहुतेक काम २६ कळा आणि शिफ्टवर भागतं. त्यांना ४० टक्केसुद्धा चालेल. पण केवळ यंत्र लहान घेतलं म्हणून मराठी लिहिण्यासाठी रोमनची वाट धरावी लागणं मला पटत नाही. निवड तुमची असावी, कीबोर्डची नको.

उलट, टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर वाढलेली मंडळी आहेत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत काही चिन्हं ऑल्ट धरून आकडे मारून काढतात, आणि ते आकडे उजवीकडच्या संचावरचेच लागतात. अप्पा बळवंत चौकात डीटीपी करणाऱ्याने असा फॉन्ट वापरात असेपर्यंत टेनकीलेससुद्धा घेऊ नये. हिशेबनीसांनाही तेच सांगेन. आकडे हाच ज्यांचा मजकूर आहे आणि टॅलीत ज्यांना एफ-कळांशिवाय चालत नाही, त्यांना १०४ कळाच हव्यात.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: कळा बदलून घेता येतात असं ऐकलं. मग ४० टक्क्यांवर 'ड' खाली आणता येणार नाही का?*

येतो. क्यूएमके किंवा व्हीआयए चालणारा कीबोर्ड घ्या. त्यात कुठल्या कळेने कुठली जागा कळवायची हे तुम्ही ठरवता. अंगठ्याजवळच्या एखाद्या कळेला चौकटी कंसाचं काम दिलं की मराठीत 'ड' अंगठ्याखाली येतो. पण अशी जागा पाच-सहा चिन्हांना लागेल आणि अंगठे दोनच आहेत. शिवाय दुसऱ्याच्या संगणकावर बसलात की हात चुकणार. ज्याला या खटपटीत आनंद आहे त्याने जरूर करावं.

*प्रश्न: दोन भागांत तुटलेले कीबोर्ड असतात, ते मराठीला बरे का?*

कल्पना छान जुळते. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, मधे आपोआप फाळणी. अडचण एवढीच की इन्स्क्रिप्टचा उजवा हात रुंद आहे. ज, ड, च, ट, य, ॉ हे सगळं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतं. दोन्ही भाग सारख्याच रुंदीचे असतील तर उजव्या टोकाच्या कळा गळतात. उजवा भाग एक-दोन कळांनी रुंद असलेला बघा.

*प्रश्न: मुलगी सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणार आहे. तिला छोटा घेऊन देऊ का?*

आत्ता नको. परीक्षा परिषदेच्या परीक्षेत मराठीला मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग लागतो, आणि तिथला कीबोर्ड तिचा नसणार. केंद्रावर जसा कीबोर्ड असतो तशावरच सराव होऊ दे. सर्टिफिकेट हातात आलं की मग हौस करा.

*प्रश्न: दुकानात उभं राहून पटकन कसं तपासायचं?*

तापकीर गल्लीत असा किंवा मॉलमध्ये, दुकानदाराला मराठी इन्स्क्रिप्ट चालू करायला सांगा आणि एक वाक्य टाइप करा: 'कृपया डॉक्टरांनी स्वतः कोंढव्याला यावे.' त्यात ृ, य, ड, ॉ, विसर्ग आणि ढ सगळे आहेत. मग 'कोंढव्याला'तला 'ढ' खोडून 'ड' करा आणि परत 'ढ' करा. ४० टक्क्यांवर हे वाक्य लिहितानाच पाच वेळा जिना चढावा लागेल. ६० वर ते सरळ लिहून होईल, पण खोडताना एफएन शोधाल. ६५ वर दोन्ही कामं होतील. तुमचा हात जिथे अडला नाही, तो कीबोर्ड घ्या.