शोथदर्शके, कोविड–१९ रोगातील

शोथ (दाहयुक्त सूज) ही संसर्ग किंवा इजा यांविरुद्ध शरीरात होणारी संरक्षक प्रतिक्रिया होय. तिच्या तीव्रतेनुसार रक्तातील ज्या घटकांचे प्रमाण बदलते त्यांना शोथदर्शके म्हणतात. कोविड–१९ च्या रुग्णालयीन रुग्णांत सी-प्रतिक्रियी प्रथिन (सीआरपी), फेरिटीन व इंटरल्यूकीन-६ यांच्या मापनास विशेष महत्त्व आले. डी-डायमर हे वस्तुतः रक्तक्लथनाचे दर्शक असले, तरी ते यांबरोबरच तपासले जाते.

यांपैकी सीआरपी हे सर्वांत जुने. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांना १९३० मध्ये असे आढळले की, न्यूमोकोकाय सूक्ष्मजंतूंपासून मिळविलेल्या ‘सी’ अंशामुळे न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात साका तयार होतो आणि रुग्ण बरा होऊ लागला की ही विक्रिया नाहीशी होते. रोगमुक्तीची खूण म्हणून असलेले त्याचे मोल अशा रीतीने प्रथमच दिसून आले होते. इंटरल्यूकीन-६ च्या प्रेरणेने यकृतात हे प्रथिन तयार होते. निरोगी व्यक्तीत ते सामान्यतः दर लिटरमध्ये १० मिग्रॅ.पेक्षा कमी असते. तीव्र संसर्गात ते शेकडो मिग्रॅ.पर्यंत जाते. त्याचे अर्धायुष्य सु. १९ तास असल्याने शोथ ओसरताच ते काही दिवसांत उतरते. तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग पूर्ववत होण्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

कोविड–१९ मध्ये बहुधा पहिल्या आठवड्यानंतर काही रुग्णांची प्रकृती ढासळते. या अवस्थेत फुप्फुसांची हानी व्हायरसाइतकीच शरीराच्या अनावर प्रतिक्रियेमुळे होते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत (२०२०) डेक्सामेथासोन या स्टेरॉइडामुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांतील २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१·४ टक्क्यांवरून २९·३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनाची गरज नसलेल्या रुग्णांना मात्र लाभ झाला नाही. उलट अपायाची शक्यता दिसली. त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकीन-६ चे कार्य रोखणारे औषध ऑक्सिजन कमी पडलेल्या व सीआरपी दर लिटरमध्ये किमान ७५ मिग्रॅ. असलेल्या रुग्णांना देण्यात आले. तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ३५ टक्क्यांऐवजी ३१ टक्के राहिले (२०२१). येथे सीआरपी हे केवळ भाकिताचे साधन न राहता उपचारार्थ निवडीची एक अट ठरले.

तथापि केवळ आकड्यावरून उपचार करणे घातक ठरू शकते. भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य रुग्णांच्याही या तपासण्या वारंवार होऊ लागल्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांना, ऑक्सिजन पातळी ठीक असता त्यांची गरज नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले. सौम्य रोगातही, किंबहुना दुखऱ्या दातामुळेही, सीआरपी वाढू शकते. एवढ्यावरून स्टेरॉइडे सुरू केल्यास प्रतिकारशक्ती अवेळी दडपली जाते व मधुमेही रुग्णांत रक्तशर्करा वाढते. म्यूकरमायकोसिस या कवकजन्य रोगाला अशीच परिस्थिती पोषक असते.

उतरलेला आकडाही नेहमीच विश्वसनीय नसतो. टोसिलिझुमॅब दिल्यावर यकृताला मिळणारी प्रेरणाच खंडित होते. त्यामुळे फुप्फुसे सुधारली नसली, किंवा नवा जंतुसंसर्ग सुरू झाला असला, तरी सीआरपी कमीच दिसते. अशा रुग्णाच्या बाबतीत श्वसनाची गती व ऑक्सिजनाची घटती गरज यांवरच अधिक भर द्यावा लागतो.