सौर प्रकाश-उत्प्रेरण

सांडपाण्यातील विषारी रासायनिक द्रव्यांचे सूर्यप्रकाश व प्रकाश-उत्प्रेरक यांच्या साहाय्याने अपघटन करून ती निरुपद्रवी करण्याची पद्धती. प्रकाश शोषून जो पदार्थ रासायनिक विक्रियेचा वेग वाढवितो, परंतु विक्रियेअखेर स्वतः कायम राहतो, त्यास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात [⟶ उत्प्रेरण]. घरगुती सांडपाण्यातील बहुतेक कार्बनी द्रव्ये सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने नाहीशी करता येतात. तथापि कित्येक कीटकनाशके, क्लोरीनयुक्त विद्रावक (पदार्थ विरघळविणारे द्रव), रंजकद्रव्ये व औषधी द्रव्ये यांवर सूक्ष्मजंतूंची मात्रा चालत नाही. काही द्रव्ये तर सूक्ष्मजंतूंनाच मारक ठरतात. सक्रियित कार्बनावर ती शोषून घेतल्यास पाणी स्वच्छ होते, पण विष कार्बनात साचून राहते व त्याची विल्हेवाट लावणे शिल्लक उरते. प्रकाश-उत्प्रेरणाने मात्र विषारी रेणूच मोडतो व पुरेसा अवधी दिल्यास बहुतेक द्रव्यांचे कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी व साधी लवणे यांत रूपांतर होते. हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे अपघटन होते, असे १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू प्रकाशापासून इंधन मिळविणे हा होता. जलशुद्धीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम नंतर झाले. १९७६ मध्ये कॅनडातील जे. एच. केअरी व त्यांचे सहकारी यांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या निलंबनात (न विरघळता तरंगत्या कणांच्या मिश्रणात) क्लोरीनयुक्त बायफिनिल संयुगांतील क्लोरीन प्रकाशाने निघून जातो, असे दाखविले. १९७७ मध्ये अमेरिकेतील एस. एन. फ्रँक व ए. जे. बार्ड यांनी याच चूर्णाने पाण्यातील सायनाइडाचे ऑक्सिडीभवन घडवून आणले.

क्रियाविधी : टिटॅनियम डाय-ऑक्साइड हा अर्धसंवाहक आहे. त्याच्या ॲनॅटेज या स्फटिकरूपात संयुजा पट्ट व संवहन पट्ट यांमधील ऊर्जा-अंतर सुमारे ३·२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. त्यामुळे सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) कमी तरंगलांबीचे जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणच त्यास कार्यान्वित करू शकतात. असा किरण शोषला गेला म्हणजे एक इलेक्ट्रॉन संवहन पट्टात जातो व त्याच्या जागी धन विद्युत् भारित पोकळी उरते. ही पोकळी कणाच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या रेणूपासून वा हायड्रॉक्सिल आयनापासून इलेक्ट्रॉन ओढून घेते व हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक अत्यंत प्रबळ ऑक्सिडीकारक असून जवळपास कोणत्याही कार्बनी रेणूवर हल्ला करतो. सुटलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाने पकडावा लागतो. तसे न झाल्यास तो पोकळीत परत पडतो आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून पाण्यात हवा सोडत राहणे आवश्यक असते. तरीही शोषलेल्या प्रकाशाचा बराच मोठा भाग अशा पुनर्मीलनात नष्ट होतो.

कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशही शोषते. परंतु प्रकाशात त्याचेच क्षरण होऊन विषारी कॅडमियम पाण्यात उतरते. टिटॅनियम डाय-ऑक्साइड पांढऱ्या रंगलेपांत वापरले जाणारे, पाण्यात न विरघळणारे, स्थिर व स्वस्त द्रव्य असल्याने त्यास पसंती मिळाली.

सौर संग्राहक : आरंभीच्या प्रयोगांत अन्वस्ताकार पन्हळीसारखे आरसे वापरून काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यावर सूर्यप्रकाश एकवटण्यात आला. अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या आवारात ट्रायक्लोरोएथिलिनाने दूषित झालेल्या भूजलावर १९९१ मध्ये अशा संचाची चाचणी घेण्यात आली. परंतु प्रकाश एकवटण्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे जंबुपार किरण वातावरणात मोठ्या प्रमाणात विखुरतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या या किरणांपैकी सुमारे निम्मे सर्व दिशांनी येतात व आरशाने एकवटता येत नाहीत. दुसरी म्हणजे प्रकाशाची तीव्रता वाढली की पुनर्मीलनही वाढते व विक्रियेचा वेग तीव्रतेच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे प्रकाश चौपट केल्यास वेग केवळ दुप्पट होतो. यामुळे पुढे संयुक्त अन्वस्तीय संग्राहक रूढ झाले. यांत नळीच्या मागील वक्र परावर्तक थेट व विखुरलेला असा दोन्ही प्रकारचा प्रकाश नळीवर वळवितो आणि सूर्यामागे फिरणाऱ्या यंत्रणेची गरज राहत नाही.

उपयोग : या पद्धतीच्या विकासात स्पेनच्या आग्नेय भागातील आल्मेरिया प्रांताचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील ताबेर्नास या वाळवंटी भागातील सौर संशोधन केंद्रात १९९० च्या सुमारास असे प्रयोग सुरू झाले. याच प्रांतात सुमारे ३०,००० हेक्टर क्षेत्र प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालील भाजीपाल्याच्या लागवडीने व्यापलेले आहे. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा वापरात आणण्यापूर्वी धुवाव्या लागतात व धुण्याचे पाणी अनेक विषांचे मिश्रण बनते. ते उघड्यावर सोडल्यास पाण्याची टंचाई असलेल्या या प्रदेशातील भूजल धोक्यात येते. या पाण्यासाठी २००४ मध्ये १५० चौ. मी. क्षेत्राच्या संग्राहकांचा संच उभारण्यात आला. त्यात टिटॅनियम डाय-ऑक्साइडाऐवजी लोहाची लवणे व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा उपयोग करणारी प्रकाश-फेंटन विक्रिया योजली आहे. हे नाव एच. जे. एच. फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णिलेल्या विक्रियेवरून पडले. फेरस आयन पेरॉक्साइडापासून हायड्रॉक्सिल मूलक मुक्त करून फेरिक बनतो व प्रकाश त्याचे पुन्हा फेरसात क्षपण करतो. जंबुपार किरणांबरोबर दृश्य प्रकाशाचा काही भागही येथे उपयोगी पडत असल्याने विक्रिया जलद होते. मात्र पाण्याचे पीएच मूल्य ३ च्या आसपास ठेवावे लागते व अखेरीस अम्ल उदासीन करून लोहाचा साका वेगळा करावा लागतो.

मर्यादा : जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात जंबुपार किरणांचे प्रमाण जेमतेम ३ ते ५ टक्के असते. भर दुपारी निरभ्र आकाश असतानाही दर चौ. मी.ला सुमारे ३० ते ४० वॉट एवढीच ऊर्जा टिटॅनियम डाय-ऑक्साइडास मिळते. गढूळ वा गडद रंगाच्या पाण्यात प्रकाश खोलवर शिरत नाही. पाण्यातील बायकार्बोनेट आयन मूलके फस्त करतात. शुद्धीकरणानंतर अतिसूक्ष्म चूर्ण गाळून काढणे जिकिरीचे असते. ते काचेवर बसविल्यास गाळणे टळते, पण प्रकाश व पाणी यांच्या संपर्कातील पृष्ठभाग घटतो.

याखेरीज मूळ द्रव्य दिसेनासे झाले म्हणजे पाणी निर्विष झाले, असे मानणे चुकीचे ठरते. रंजकद्रव्याचा रंग उडाला, तरी त्याच्या रेणूचे तुकडे पाण्यात उरलेले असू शकतात व अपूर्ण ऑक्सिडीभवनाने उत्पन्न होणारे काही पदार्थ मूळ द्रव्याहूनही अधिक विषारी असतात. ॲट्राझीन या तणनाशकाचे टिटॅनियम डाय-ऑक्साइडाने होणारे अपघटन सायन्यूरिक अम्लापाशी थांबते. या अम्लाची विषारिता कमी असली, तरी पूर्ण अपघटन झालेले नसते. म्हणून केवळ रंग न पाहता पाण्यातील एकूण कार्बनी कार्बन मोजणे व विषारितेची स्वतंत्र परीक्षा घेणे आवश्यक असते.

या कारणांमुळे शहराचे सर्व सांडपाणी सूर्यप्रकाशाने शुद्ध करणे व्यवहार्य नाही. जेथे पाणी थोडे, विष चिवट व ऊन भरपूर असते, तेथे ही पद्धती उपयुक्त ठरते. प्रकाशाने सर्वच कार्बन नष्ट करण्याऐवजी चिवट रेणू सूक्ष्मजंतूंना पचतील इतपत मोडावेत व उरलेले काम नेहमीच्या जैव प्रक्रियेवर सोपवावे, असे केल्यास संग्राहकांचे क्षेत्र व खर्च दोन्ही कमी होतात.